डाइव्ह झाल्यावर त्याच संध्याकाळी घाट का चढायचा नाही
(शाळांच्या डाइव्हिंग क्लबसाठी आणि पालकांसाठी माहिती)

मालवणच्या सहलीची चौकशी करणाऱ्या शाळांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मुलं दुपारी बारापर्यंत पाण्याबाहेर येतात ना, मग संध्याकाळीच बस का सोडत नाही? एका मुक्कामाचा खर्च वाचेल आणि सोमवारची शाळाही बुडणार नाही." खर्चाच्या बाजूने बघितलं तर त्यांचं म्हणणं चूक नाही. तरी आम्ही बस सोडत नाही. कारण फोनवर आणि पालकसभेत सांगतोच, पण ऐनवेळी जेट्टीवर पुन्हा तोच विषय निघतो आणि मुलांना सांभाळायच्या वेळी आम्ही सरांशी चर्चा करत उभे असतो. म्हणून हे लिहून देत आहोत.

10 मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. त्या दाबाखाली टाकीतली हवा घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे बाहेर पडतो, पण सावकाश. त्याला काही तास लागतात. तो निघून जायच्या आत बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर गोटी सोडा फोडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात तयार होऊ शकतात. सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, अंगाला खाज सुटते, फार थकवा वाटतो. सहलीहून परतणारं मूल रात्री बसमध्ये "गुडघा दुखतोय" म्हणालं, तर दमलं असेल असंच कुणीही म्हणेल. यावरचे खरे उपचार, म्हणजे प्राणवायू आणि दाबकक्ष (जास्त दाबाची हवा भरलेली बंद खोली), घाटाच्या वाटेवर मिळत नाहीत.

डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं. हीच काळजी डोंगर चढतानाही घ्यायची असते, हे मात्र सुटून जातं. साधारण 600 मीटरच्या पुढची उंची त्यात धरतात. घाटातलं आंबोली 690 मीटरवर आहे. करूळ घाटाने जा की फोंडा घाटाने, सह्याद्री चढल्याशिवाय मराठवाड्यात पोचता येत नाही. पुढे आपली गावंही पठारावरच आहेत : छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर, लातूर सहाशेच्या वर. त्यामुळे "आमच्या मुंबईच्या नातेवाइकांची मुलं त्याच दिवशी निघाली होती" हे उदाहरण आपल्याला लागू पडत नाही. त्यांचं घर समुद्राच्या पातळीवर आहे.

मालवणला मुलं फार खोल जात नाहीत, एवढ्या उथळ डाइव्हला धोका कमी असतो, हे आम्हीही मान्य करतो. पण दुसऱ्याचं मूल सोबत नेताना "कमी" या शब्दावर आम्ही निघणार नाही. आमचा क्रम असा : सकाळी लवकर होडी, शेवटचं मूल बाराच्या आत वर, दुपारी विश्रांती, मग सिंधुदुर्ग किल्ला. 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा जलदुर्ग समुद्रपातळीवरच असल्याने तिथे फिरायला हरकत नाही. रात्री मुक्काम, आणि सकाळी नाश्ता करून बस निघते तेव्हा 18 तास उलटून गेलेले असतात. या मुक्कामाचे पैसे आमच्या दरात धरलेले आहेत. दुसरीकडचा दर कमी दिसला, तर डाइव्हनंतरची रात्र कुठे काढायची, एवढं जरूर विचारून घ्या.

सर्वांत जास्त अडचण होते ती मुलाला न्यायला स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या पालकांची. लग्न असतं, परीक्षा असते, आम्हाला समजतं. तसं असेल तर निदान आठवडाभर आधी सांगा. त्या मुलाला आम्ही टाकी न लावता मास्क आणि स्नॉर्केलवर (तोंडात धरायच्या श्वासाच्या नळीवर) पोहायला नेतो. तो पाण्यावरच श्वास घेतो, म्हणून नायट्रोजनचा प्रश्न येत नाही आणि संध्याकाळी खुशाल निघता येतं. उथळ भागातले प्रवाळ तेवढ्यानेही छान दिसतात. पूर्ण क्लबसाठी हीच सहल हवी असेल तर तीही करतो. ती स्वस्त पडते.

बाकीचं थोडक्यात. टाकी लावून उतरायला वय 10 पूर्ण हवं. दमा, कानाचं दुखणं, फिट येणं यांतलं काही असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, डॉक्टरांचा सल्ला जोडा. सर्दी असेल तर गोळी देऊन पाठवू नका; गोळीचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना कानात हवा अडकते. चष्म्याचा नंबर आधी कळवा.

टीव्हीवर दिसतात तसे रंगीत फांद्यांचे प्रवाळ मालवणला फारसे नाहीत. इथे गोल, दगडासारखे दिसणारे प्रवाळ जास्त आहेत, आणि तो दगड नसून लाखो बारीक जीवांची वसाहत असते. त्यांतले काही वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे फिनच्या (पायात घालायच्या रबरी पंखाच्या) एका लाथेने कित्येक वर्षांची वाढ मोडते. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तुकडा उचलणं हा गुन्हा ठरतो. म्हणूनच समुद्रावर नेण्याआधी मुलांकडून तलावात तरंगत स्थिर राहायचा सराव आम्ही करून घेतो. ज्या क्लबांची मुलं हा सराव नेमाने करतात ती तळाला न टेकता पोहतात, आणि मासेही त्यांनाच जास्त दिसतात.

पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सहसा जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे शनिवार-रविवार लवकर भरतात. तारीख मागताना सोमवारची सुट्टी शाळेकडून मंजूर करून घ्या. ती मंजूर असल्याशिवाय आम्ही होडी ठरवत नाही.