हमीभाव आयोग ठरवत नाही, आणि केळीला तर तो नाहीच

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘कृषी मूल्य आयोग हमीभाव ठरवतो, तो सगळ्या पिकांना असतो आणि कायद्याने बंधनकारक असतो.’ एका वाक्यात तीन चुका! १९६५ साली स्थापन झालेला हा आयोग फक्त शिफारस करतो. मंजुरी देते पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समिती. यादीत पिकं २२. आपला कापूस त्यात आहे, रावेर-यावलची केळी नाही (जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा हमीभावाशी काडीचा संबंध नाही). आणि बंधनाचं म्हणाल, तर हमीभावामागे कायदाच नाही. म्हणून व्यापारी त्याखाली कापूस घेऊ शकतो. कायद्याचा आधार आहे तो उसाच्या रास्त व किफायतशीर दराला, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशामुळे.