आजारी मूल, मित्र आणि इमानी कुत्रा : बालकथेतील एक प्रवाह

गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेले एक मूल, या आजाराशी कसे वागावे हे न कळणारा तरीही साथ न सोडणारा एक मित्र किंवा मैत्रीण, आणि दोघांमध्ये वावरणारा एक कुत्रा, अशा तिघांभोवती रचलेली बालकथा वा कुमारकादंबरी. वाचक साधारणतः आठ ते चौदा वर्षांचा असतो. आजारपणाची कथा आणि प्राण्याची कथा हे बालवाङ्मयातले दोन जुने प्रवाह. ते एकत्र येऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथेला आजचे रूप मिळाले. वरवर पाहता ती रडवणारी गोष्ट वाटते. तिचे खरे काम मात्र आजाराविषयी मुलाला खरे बोलता यावे अशी जागा निर्माण करणे हे आहे, आणि ही जागा बहुतेक वेळा कुत्र्यापाशी सापडते.

एकोणिसाव्या शतकातल्या बालवाङ्मयात आजारी मूल वारंवार भेटते, कारण ते तेव्हा घरोघरी होते. क्षय, घटसर्प, लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीवर) यांवर खात्रीचे औषध नव्हते. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’मध्ये (१८६८–६९) बेथला एका गरीब कुटुंबातल्या आजारी बाळाची काळजी घेताना लोहितांग ज्वर जडतो. त्यातून ती उठते, पण पहिल्यासारखी कधीच होत नाही आणि दुसऱ्या भागात तिचा मृत्यू होतो. याच काळात दुसरी वाट रूढ झाली, ती बरे होण्याची. सुझन कूलिज यांच्या ‘व्हॉट केटी डिड’मधली (१८७२) केटी, योहाना श्पिरी यांच्या ‘हायडी’मधली (१८८०–८१) क्लारा आणि फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधला (१९११) कॉलिन हे तिघेही शेवटी स्वतःच्या पायांवर उभे राहतात. कुणाला सोशिकपणा शिकल्यावर, कुणाला डोंगरातल्या हवेने, कुणाला बागेने बरे वाटते. ही पुस्तके वाचनीय आहेत, पण त्यांच्यातून एक घातक समजूत रुजली : चांगल्या मनाचे मूल बरे होते. ज्याचा आजार मनोबलाने हटणारा नाही, अशा वाचकाच्या पदरी मग आजारासोबत अपराधीपणाही येतो. आजच्या लेखकाने टाळावी अशी पहिली गोष्ट हीच.

इमानी कुत्र्याची परंपरा याहून फार जुनी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. होमरच्या ‘ओडिसी’त वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला म्हातारा आर्गोस ओळखतो आणि प्राण सोडतो. जपानमध्ये हाचिको हा कुत्रा १९२५ साली धनी वारल्यानंतरही १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत राहिला, आणि त्याच्यावर मुलांसाठी अनेक पुस्तके निघाली. या सगळ्यांत धनी प्रौढ आहे. मूल, कुत्रा, मैत्री आणि आजारपणाची छाया ही सगळी सूत्रे एकाच कथेत आणणारे एक महत्त्वाचे पूर्वरूप म्हणजे विडा या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘अ डॉग ऑफ फ्लँडर्स’ (१८७२). मालकाने मरायला टाकून दिलेल्या पात्राश या गाडी ओढणाऱ्या कुत्र्याला नेलो आणि त्याचे आजोबा वाचवतात. आजोबा लुळे पडतात, घर दारिद्र्यात बुडते, आणि आलोइस या मैत्रिणीशी नेलोची भेटही तिचा बाप तोडतो. अखेरीस मुलगा आणि कुत्रा अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये रूबेन्सच्या चित्रांपाशी थंडीने गारठून एकत्रच मरतात. १९७५ साली जपानमध्ये या कथेवर दूरचित्रवाणीसाठी रेखापटमालिका निघाली आणि तिथे ती घराघरात पोचली.

आजची कथा या सगळ्यांपेक्षा वेगळी व्हायला वैद्यकशास्त्र कारणीभूत आहे. बोस्टनमधले सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये अमिनोप्टेरिन या औषधाने रक्ताच्या कर्करोगाच्या काही बालरुग्णांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटवल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी ही मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या या कर्करोगातून, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून, उपचारांची चांगली सोय असलेल्या देशांत आज सुमारे ९० टक्के मुले वाचतात. उपचार मात्र दोन ते तीन वर्षे चालतात. पूर्वीच्या कथेत ताप चढे, घरातले सगळे रात्रभर जागत आणि सकाळी निकाल लागलेला असे. आता आजार हाच जगण्याचा मोठा तुकडा झाला. शाळा बुडणे, केस गळणे, स्टेरॉइडने चेहरा सुजणे, पाठीच्या कण्यात दिली जाणारी सुई, पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून पुन्हा दवाखाना, आणि मधल्या बऱ्या आठवड्यांत इतरांसारखे खेळायला जाण्याची घाई, या सगळ्याला कादंबरीइतकी लांबी लागते. मैत्रीची परीक्षाही अशा लांब आजारातच होते. चार दिवस भेटायला सगळेच येतात, आठव्या महिन्यात कोण येते हा या कथांचा कळीचा प्रश्न असतो.

या प्रवाहाला समजून घ्यायला साहित्याबाहेरचे एक पुस्तक फार उपयोगी पडते. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये वावरून निरीक्षणे केली आणि ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. आपण मरणार आहोत हे या मुलांना कोणी सांगितलेले नव्हते, तरी ते त्यांना कळले होते. औषधे बदलली की, शेजारच्या खाटेवरचे मूल परत आले नाही की, डॉक्टर खोलीबाहेर जाऊन आईशी बोलू लागले की मुले अर्थ लावत. हे ज्ञान वयावर अवलंबून नव्हते, आजाराच्या अनुभवावर होते. आणि कळूनही मुले गप्प राहत, कारण मोठ्यांना हे बोलणे सोसत नाही हेही त्यांना कळलेले असे. आईवडील मुलासाठी सोंग घेतात, मूल आईवडिलांसाठी, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असते.

कुत्रा कथेत कशासाठी येतो याचे उत्तर इथे आहे. त्याच्यापुढे सोंग घ्यावे लागत नाही. त्याला टक्कल दिसून धक्का बसत नाही, तो ‘किती छान दिसतोस’ म्हणत नाही, सांगितलेले कुणाला सांगत नाही आणि ऐकून रडतही नाही. जी वाक्ये आईला ऐकवता येत नाहीत ती मूल कुत्र्याच्या कानाशी बोलते. कसलेला लेखक इथे थांबत नाही. तो त्या क्षणी मित्राला दाराशी आणतो, किंवा मित्र कुत्र्याशी बोलत असताना आजारी मुलाला जागे ठेवतो. जे कुत्र्याला सांगितले ते मित्राच्या कानी पडते, आणि तिथून दोघे एकमेकांशी खरे बोलू लागतात. त्या संवादापर्यंत पोचवणारा पूल म्हणून कुत्र्याची योजना असते. मांडीवर बसवून गोड वाटावे एवढ्यासाठीच आणलेला कुत्रा दुसऱ्या प्रकरणापर्यंत अनावश्यक होतो.

या कल्पनेला प्रत्यक्षातही आधार आहे. बोरिस लेविन्सन या बालमानसशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, आपला जिंगल्स हा कुत्रा खोलीत असला की न बोलणारे मूल मोकळे होते. १९६२ साली त्याने कुत्र्याला सहउपचारक म्हणणारा लेख लिहिला, तेव्हा अनेक सहव्यावसायिकांनी तो हसण्यावारी नेला. आज अनेक देशांतल्या बालरुग्णालयांत प्रशिक्षित कुत्रे नेमाने भेटीला येतात. वासाने आजार ओळखणारा कुत्राही निव्वळ कल्पित नाही : एका महिलेच्या पायावरचा तीळ तिचा कुत्रा सतत हुंगत राहिला आणि तो तीळ त्वचेचा कर्करोग निघाला, अशी नोंद १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. लेखकांना हा धागा मोह पाडतो. त्याचा जपून वापर केलेला बरा, कारण कुत्रा निदान करू लागला की तो पुन्हा चमत्कार करणारा होतो.

वैद्यकीय तपशील अचूक असणे हा इथे सौजन्याचा भाग आहे, कारण वाचकांत प्रत्यक्ष आजारी मुलेही असतात. केमोथेरपी चालू असताना प्रतिकारशक्ती घटते. घरचा लसीकरण झालेला कुत्रा बहुधा घरातच राहू शकतो, पण त्याने तोंड चाटणे, त्याची विष्ठा मुलाने उचलणे, त्याच काळात नवे पिल्लू आणणे या गोष्टी टाळायला सांगतात. जो लेखक हे जाणतो त्याला आयता प्रसंग मिळतो : कुत्र्याला दाराबाहेर ठेवावे लागते, ते का हे त्याला समजावता येत नाही, आणि हे काम मित्राच्या वाट्याला येते. कुत्र्याला फिरवून आणणे, त्याचे खाणे बघणे, यांतून मित्राला आजारी घरात यायला निमित्त मिळते. काय बोलावे हे न कळणाऱ्या मुलाला हाताला काम मिळणे फार मोलाचे असते.

निवेदन बहुतेक वेळा मित्राच्या तोंडी असते, आणि ते योग्यच आहे. त्याला भीती आहे की हा आजार आपल्याला लागेल. भांडणात आपण ‘मर जा’ म्हणालो होतो त्यामुळेच हे झाले, असाही त्याचा गुप्त समज असतो. लहान मुलांत अशी समजूत सर्रास आढळते. कर्करोग संसर्गाने पसरत नाही आणि रागाने होत नाही, ही दोन वाक्ये कथेत कुठेतरी स्पष्ट यायला हवीत. पण मित्र निवेदक झाला की आजारी मूल नुसते शहाणे, शांत, सगळ्यांना माफ करणारे होऊन बसण्याचा धोकाही वाढतो. खऱ्या आजारी मुलाला चीड येते, कंटाळा येतो, ते हट्टाने हेवा करते. अशा मुलाशी मैत्री टिकवणे अवघड असते, आणि त्या टिकवण्यातच कथेचा जीव असतो.

कुत्र्याच्या मरणाचा प्रश्न वेगळा उरतो. फ्रेड गिप्सन यांच्या ‘ओल्ड येलर’मध्ये (१९५६) पिसाळलेल्या लांडग्यापासून कुटुंबाला वाचवणाऱ्या कुत्र्याला मुलाला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसते, म्हणून तो शेवट कथेतूनच उगवतो. मराठी वाचकांना ‘पाडस’ या राम पटवर्धनांच्या अनुवादातून अशाच, हरणाच्या पाडसाच्या वियोगाची ओळख आहे. पण पुढे पुढे पुस्तकातला कुत्रा मरणारच, असा संकेत इतका पक्का झाला की मुले मुखपृष्ठ पाहूनच विचारू लागली. आजारी मुलाला वाचवून त्याच्या जागी कुत्र्याला मारणे ही तर या प्रवाहातली सर्वांत स्वस्त युक्ती : मृत्यूशी सौदा करता येतो असे ती सुचवते. मरिया नॉज यांनी हंगेरीतल्या मुलांवर केलेल्या आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू परत फिरणारा वाटतो, पाच ते नऊच्या दरम्यान तो चुकवता येणारी कोणी व्यक्ती वाटतो आणि त्यानंतर सर्वांना येणारा, कायमचा असा तो कळू लागतो. या कथांचा वाचक नेमका या उंबरठ्यावर असतो. चुकवता येते, ही समजूत तो नुकती सोडत असतो. अशा वेळी लेखकाने ती त्याच्या हाती पुन्हा देऊ नये.

मृत्यू कथेत असावाच असेही नाही. कॅथरीन पॅटर्सन यांनी ‘ब्रिज टू टेराबिथिया’ (१९७७) लिहिले ते स्वतःच्या मुलाची आठ वर्षे वयाची मैत्रीण वीज पडून दगावल्यावर. तिथे आजार नाही, दोन मुलांची मैत्री आहे, भेट दिलेले पिल्लू आहे आणि कसलीही चाहूल न देता आलेला मृत्यू आहे. आजाराच्या कथेला याउलट चाहूल असते आणि वेळ असतो. बरी होणारी मुले वाढल्यामुळे अलीकडच्या कथांत वाचलेल्या मुलाचे शाळेत परतणे हा विषय येऊ लागला आहे. वर्ग पुढे गेलेला असतो, मित्राला दरम्यान दुसरा मित्र मिळालेला असतो, दर तपासणीआधी घरात जुनी भीती उठते. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. नवव्या वर्षी आजारी पडलेले मूल बारा वर्षांचे होऊन उपचारांतून सुटते तेव्हा त्याच्याबरोबर वाढलेला कुत्रा म्हातारा झालेला असतो. त्याला गोळी कशात लपवून द्यायची, जिना कसा चढवायचा, दवाखान्यात तो घाबरला तर हात कुठे ठेवायचा, हे त्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही. इथे कुत्र्याचा मृत्यू आला तरी तो कुणाच्या बदल्यात येत नाही, आणि त्याची शुश्रूषा दोन्ही मित्र मिळून करू शकतात.