सेडोनाचा लाल खडकांचा प्रदेश

सेडोना परिसर : अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातले, लाल वालुकाश्माच्या कड्यांसाठी प्रसिद्ध असलेले पर्यटनक्षेत्र. सेडोना हे लहानसे शहर ओक क्रीक या ओढ्याच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी. उंचीवर वसले आहे. फिनिक्सहून मोटारीने दोन तासांची वाट असल्याने सकाळी निघून रात्री घरी परतणारेही पुष्कळ. मात्र हे कडे उन्हाबरोबर रंग पालटतात, तेव्हा एक मुक्काम तरी करावाच.

गावाला नाव मिळाले ते एका बाईचे. १९०२ मध्ये इथे टपाल कचेरी मंजूर झाली, तेव्हा इथले रहिवासी कार्ल श्नेब्ली यांनी सुचवलेली नावे शिक्क्यात मावेनात. अखेर त्यांच्या पत्नीचे, सेडोना यांचे, सुटसुटीत नाव गावाला देण्यात आले.

खडकाचा लाल रंग वरवरचा आहे, हे जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. वाळूचा कण मुळात फिकट. त्याच्याभोवती लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप बसला आहे. कोकणातल्या जांभ्याला रंग देणारे लोहही हेच. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्रकिनारा आणि वाळूच्या टेकड्या होत्या. त्या वाळूचे थर दबून हा खडक झाला. नीट पाहिले तर कड्यांच्या लाल थरांमध्ये एक करडी रेघ आडवी गेलेली दिसते. ती चुनखडीची, समुद्र मध्यंतरी आत शिरला होता, त्याची खूण. ही रेघ एका सुळक्यावर सापडली की समोरच्या सुळक्यावरही शोधावी. आज सुटे दिसणारे हे सगळे कडे एके काळी सलग पठार होते आणि पाण्याने ते कापून वेगळे केले, हे तिथल्या तिथे उमगते.

गावाजवळ बेल रॉक, कोर्टहाउस ब्यूट आणि कॅथीड्रल रॉक ही ठिकाणे आधी पाहावीत. कॅथीड्रल रॉकची चढण जेमतेम एक किलोमीटरची, पण मधल्या टप्प्यात हातापायांनी चढावे लागते. लाल दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या वाट दाखवतात. वाट सोडून काळपट, खडबडीत मातीवर पाय देऊ नये : सूक्ष्मजीवांनी धरून ठेवलेला तो जिवंत पापुद्रा असतो आणि एकदा तुडवला की भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. चढायचे नसेल तर खाली ओढ्याच्या काठावरून या सुळक्यांचे पाण्यातले प्रतिबिंब पाहावे. संध्याकाळी ते फार देखणे दिसते. १९५६ मध्ये पूर्ण झालेले चॅपल ऑफ द होली क्रॉस हे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ थेट लाल खडकांच्या मधोमध उभे आहे. काही ठिकाणी विशेष ऊर्जेचे भोवरे असल्याची श्रद्धा १९८० च्या दशकात पसरली. तिला वैज्ञानिक आधार नाही, तरी त्या ओढीने येऊन शांत बसणारे लोक इथे नेहमी दिसतात.

उत्तरेला ओक क्रीकच्या घळीत स्लाइड रॉक आहे. एका जुन्या सफरचंदाच्या बागेच्या जागी हे उद्यान झाले. शेवाळाने गुळगुळीत झालेल्या खडकावरून मुले पाण्यासोबत घसरत जातात. पाणी भर उन्हाळ्यातही अंग काकडवणारे.

दिवसभराच्या सहलींमध्ये खरे मोल आहे ते जुन्या वस्त्यांचे. पलात्की येथे सिनाग्वा या इथल्या प्राचीन मूलनिवासी लोकांची कड्याच्या कपारीतली घरे आणि भिंतींवरची चित्रे आहेत. दक्षिणेचा माँटेझुमा कॅसल हा पाच मजली, वीस खोल्यांचा वाडा उंच कपारीत बांधलेला आहे. त्याचा मेक्सिकोतल्या माँटेझुमा या अझ्टेक राजाशी काहीही संबंध नाही. वसाहतवाल्यांच्या गैरसमजातून ते नाव पडले. सिनाग्वा पंधराव्या शतकाच्या सुमारास इथून निघून गेले. ॲरिझोनातले आजचे मूलनिवासी होपी लोक त्यांना आपले पूर्वज मानतात. पुढे या खोऱ्यात राहिलेल्या यवापाय आणि अपाची या मूलनिवासी लोकांना फेब्रुवारी १८७५ मध्ये अमेरिकी लष्कराने हाकलून भर थंडीत सान कार्लोस या मूलनिवासींसाठीच्या राखीव प्रदेशापर्यंत पायी चालवत नेले. वाटेत कित्येक दगावले. काही कुटुंबे पुढे परतली. इथली निसर्गदृश्ये पाहताना हा इतिहास ठाऊक असायलाच हवा.

पश्चिमेला डोंगरउतारावरचे जेरोम हे तांब्याच्या खाणीचे गाव. १९५३ मध्ये खाण बंद पडली आणि गाव जवळजवळ ओस झाले. आता तिथे कलावंतांची दालने आहेत. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. एका दिवसात जाऊन येता येते, पण फार धावपळ होते.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमधल्या वादळी पावसाला इथेही मॉन्सूनच म्हणतात. लांब कुठेतरी सर कोसळली तरी कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो, म्हणून आभाळ भरले की घळीतून बाहेर पडावे. पायवाटेवर पाण्याची सोय धरू नये, प्रत्येकाने आपले पाणी पुरेसे न्यावे. लोकप्रिय वाटांजवळची वाहनतळे सकाळीच भरतात.

सूर्यास्त पाहायला बहुतेक जण विमानतळाच्या पठारावर जमतात. काळोख पडल्यावरही थोडे थांबावे. गावाने रस्त्यांवरचा उजेड जाणीवपूर्वक कमी ठेवला आहे. त्यासाठी २०१४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ मान्यता मिळाली. चंद्र नसलेल्या रात्री इथून आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.