रीस्टार्ट केलं की चालतं, पण का?

सर्व्हर बदलला की पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास येते: "मधूनच कनेक्शन जातं, मग आपोआप येतं." पूर्ण बंद पडलेलं नेटवर्क एक वेळ परवडलं. हे तळ्यात-मळ्यात करणारं नेटवर्क मात्र तंत्रज्ञ बघायला आला की नेमकं सुरळीत चालतं. शेवटी कोणीतरी वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करतं, तासभर सगळं ठीक असतं आणि 'सुटलो बुवा' म्हणेपर्यंत पुन्हा तेच.

रीस्टार्टनं तात्पुरतं बरं वाटतं, यातच बरेचदा उत्तर दडलेलं असतं. नेटवर्कमधलं जवळपास प्रत्येक यंत्र इतरांबद्दलच्या नोंदी स्वतःजवळ ठेवतं आणि प्रत्येक नोंदीला मुदत असते. सर्व्हर एका रात्रीत बदलतो, नोंदी बदलत नाहीत, आणि त्यांची मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी संपते. त्यामुळे काय बिघडलं यापेक्षा कोणाकडे आणि किती वेळानं बिघडलं, हे विचारलेलं जास्त कामाचं.

समजा, एका पतसंस्थेनं नवा सर्व्हर घेतला. बाकी संगणकांची सेटिंग बदलायला नको म्हणून त्याला जुनाच आयपी पत्ता दिला: १९२.१६८.१.१०. जुना सर्व्हर 'असू दे, लागला तर' म्हणून कोपऱ्यात ठेवला, केबलसकट. पुढे कोणाला तरी मागचा डेटा हवा होता, त्यानं तो चालू केला. झालं, एका पत्त्याचे दोन धनी.

लोकल नेटवर्कवर डेटा पोचवायला आयपी पत्ता पुरत नाही, नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. तो शोधण्याची एआरपी ही पद्धत १९८२ साली ठरली आणि ती भलतीच भोळी आहे. संगणक सगळ्यांना उद्देशून विचारतो, '१९२.१६८.१.१० कोणाचा?' जो 'माझा' म्हणेल, त्याच्यावर विश्वास. ओळखपत्र कोणी मागत नाही. इथे दोघंही 'माझा' म्हणतात. कॅशियरच्या संगणकात नव्या सर्व्हरची नोंद बसते, शेजारच्या टेबलावर जुन्याची. थोड्या वेळानं नोंद शिळी होते, पुन्हा विचारणा होते आणि कधी अदलाबदलही होते. पावती अर्धी झालेली असताना पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, जुन्या सर्व्हरकडे गेली, तर त्याला त्या कनेक्शनचा पत्ताच नसतो, तो सरळ रीसेट, म्हणजे कनेक्शन तोडण्याचा संदेश, पाठवतो. नव्या सर्व्हरचा लॉग मात्र स्वच्छ.

बहुतेक सर्व्हर चालू होताना 'हा पत्ता माझा' असा स्वतःहून पुकारा करतात. तो ऐकून इतरांच्या नोंदी तेवढ्यापुरत्या दुरुस्त होतात, म्हणून रीस्टार्टचा गुण येतो. पण त्याच वेळी पुरावाही पुसला जातो. म्हणून रीस्टार्ट करण्याआधी अडकलेल्या आणि चालणाऱ्या अशा दोन्ही संगणकांवरचा एआरपी तक्ता, म्हणजे आयपी-मॅकच्या नोंदींची यादी, उघडून बघावा. एकाच आयपीसमोर दोन वेगळे मॅक दिसले की चोर सापडला. मॅकचे पहिले तीन भाग उत्पादकाचे असतात. सुरुवात ००:५०:५६ अशी असेल, तर ते व्हीएमवेअरचं आभासी यंत्र, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक. याहून सोपी खात्री म्हणजे नव्या सर्व्हरची केबल काढून त्याच पत्त्याला पिंग करायचं, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवायचा. उत्तर आलं, तर ते देतंय कोण?

आभासी यंत्राची नक्कल करताना मॅकही तसाच उतरला असेल, तर तक्त्यात काहीच दिसत नाही. मग सगळ्या केबली जिथे जोडतात त्या स्विचचा लॉग उघडावा. तिथे एकच मॅक या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारताना दिसतो.

सर्व्हर इंटरनेटवर असेल, तर डीएनएसकडे, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडेही बघावं. तिथली नोंद ८६,४०० सेकंदांची असेल, तर ती दिवसभर जुनाच पत्ता सांगू शकते, म्हणून ती मुदत हलवण्याच्या एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणतात. आणि आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा पत्ता) ची नोंद बदलून आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्या) ची विसरणं ही तर नेहमीची गोष्ट. काहींना नवी साइट दिसते, काहींना जुनी, आणि दोघंही खरं बोलत असतात.

जेवणाच्या सुट्टीनंतरचं पहिलंच बिल अडकतं, पुढची धडाधड निघतात, असं असेल तर संशय मधल्या फायरवॉलवर (ये-जा गाळणारं यंत्र) किंवा लोड बॅलन्सरवर (काम अनेक सर्व्हरांत वाटणारं यंत्र) घ्यावा. शांत पडलेलं कनेक्शन ही यंत्रं विसरून जातात. सेटिंग बदललं नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा लोड बॅलन्सर ४ मिनिटांनी विसरतो, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधलं नॅट गेटवे (आतल्या यंत्रांना इंटरनेटवर नेणारं दार) ३५० सेकंदांनी. लिनक्समध्ये 'आहेस ना?' असं विचारणारं कीपअलाइव्ह मागितलं, तरी पहिली हाक मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी जाते. तोवर दोन्ही टोकांना कनेक्शन जिवंतच वाटतं. ही वेळ मधल्या यंत्राच्या मुदतीपेक्षा कमी केली की दुखणं जातं.

एक प्रकार मात्र घड्याळाला जुमानत नाही. पिंग व्यवस्थित, लॉगिनही होतं, पण मोठा अहवाल उघडला की चक्र फिरत राहतं. इथे प्रश्न आकाराचा आहे. इथरनेटवर एका पाकिटात साधारण १,५०० बाइट मावतात. वाटेत पीपीपीओई (काही ब्रॉडबँड जोडण्यांत वापरली जाणारी पद्धत) असेल तर १,४९२, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी मार्ग) असेल तर आणखी कमी. 'पाकीट मोठं आहे' हा निरोप आयसीएमपीनं, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशपद्धतीनं, परत यायचा असतो आणि सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करणारे महाभाग ठिकठिकाणी आहेत. साधं पिंग छोटं असतं, ते निसटून जातं. म्हणून 'तुकडे करू नको' असा पर्याय देऊन १,४७२ बाइटांचं पिंग करावं, शीर्षकांचे, म्हणजे पाकिटाला जोडलेल्या पत्त्यासारख्या माहितीचे, २८ धरून पुरे १,५०० होतात. ते अडलं आणि १,४६४ चं गेलं, तर वाटेत १,४९२ ची मर्यादा आहे. मग एकतर फायरवॉलमध्ये तो निरोप मोकळा करायचा, नाहीतर सर्व्हरचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १,४९२ वर आणायचा.