दहावीतलं पोर उशिरा उठतं, ते आळसानं नव्हे

'पहाटे चारला उठवा, वयात आलेल्या पोरांचा आळस पळतो.' बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरोघरच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आजोबा तांबडं फुटायच्या आत शेतावर जायचे, म्हणून तो पटतोही.

पण वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री साधारण तासा-दोन तासांनी उशिरा वाढतं. नऊला अंथरुणावर घातलं तरी डोळा लागत नाही. झोपेची गरज मात्र त्यामुळे कमी होत नाही. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास लागतात. अकराला झोपलेल्याला चारला उठवलं, तर झाले पाचच. उरलेली झोप मग एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, गणिताच्या तासाला वसूल होते. मोबाईल यात भर घालतो हे खरंच, पण मूळ तो नव्हे.

पडताळायचंय? मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवडे फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा, सकाळी हाक मारू नका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर झोपल्या-उठल्याची वेळ लिहा. पहिले चार-पाच दिवस जुनी थकबाकी फिटते, ते धरू नका.

आमच्या धाकट्याचा आकडा साडेअकरा ते आठ असा ठरला. "बघ आई, मी नाटक करत नव्हतो," म्हणाला. शाळेची बस साडेसातला येते, ते भांडण अजून बाकी आहे.