‘पदक वाटून घेतले’ म्हणजे नेमके काय झाले?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी संपली, तेव्हा कतार आणि इटलीच्या खेळाडूंमध्ये डावे-उजवे करायला जागाच उरली नव्हती. २.३७ मीटरपर्यंतच्या साऱ्या उंची दोघांनी एकदाही दांडी न पाडता पार केल्या होत्या आणि २.३९ मीटरवर दोघेही तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरले होते. पंच जंप-ऑफची, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा उड्यांची माहिती देऊ लागले, तेव्हा कतारच्या खेळाडूने दोन सुवर्णपदके देता येतील का, असे विचारले. शक्य आहे, एवढे कळताच इटलीच्या खेळाडूने त्याच्या अंगावर झेपच घेतली. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर घोट्याच्या दुखापतीमुळे इटलीच्या या खेळाडूची संधी हुकली होती. पायाचे ते प्लॅस्टर त्याने जपून ठेवले होते आणि टोकियोच्या मैदानात बरोबर आणले होते.

या प्रसंगाचे वर्णन तेव्हापासून ‘दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतले’ असे केले जाते आणि गोंधळाचे मूळ याच क्रियापदात आहे. वाटून घेतले म्हटले की एकाचे दोन वाटे झाले, कोणीतरी हक्क सोडला, असा भास होतो. प्रत्यक्षात दोन पूर्ण पदके दिली गेली आणि ती नियमानुसारच दिली गेली. बरोबरी झाल्यास आधी शेवटच्या पार केलेल्या उंचीवरचे आणि मग तोपर्यंतचे एकूण अपयशी प्रयत्न मोजतात. तरीही बरोबरी सुटली नाही आणि प्रश्न पहिल्या क्रमांकाचा असेल, तरच जंप-ऑफ होतो. त्यातही खेळाडूंनी पुढे उडी मारायची नाही असे ठरवले, तर बरोबरी कायम राहते. खालच्या क्रमांकांसाठी जंप-ऑफ नसतोच. २०१२मध्ये लंडनला याच कतारच्या खेळाडूसह तिघांना उंच उडीचे कांस्यपदक मिळाले होते (मूळ विजेता उत्तेजक प्रकरणात बाद झाल्यावर त्याचे पुढे रौप्य झाले), पण त्याला मैत्रीची गोष्ट म्हणावे असे तेव्हा कोणाला सुचले नाही.

टोकियोतील निर्णयावर मुख्य आक्षेप होता तो लढत अर्धवट सोडल्याचा. तो फारसा टिकत नाही, कारण लढतीचे ठरलेले सारे प्रयत्न दोघांनी पुरे केले होते आणि उरला होता तो केवळ निकाल लावण्याचा उपाय. २०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या दोन महिला खेळाडूंनी पोल व्हॉल्टमध्ये (लांब काठीच्या आधाराने मारायच्या उंच उडीत) ४.९० मीटरवर हाच पर्याय स्वीकारला. २०२४मध्ये पॅरिसला मात्र उंच उडीत २.३६ मीटरवर बरोबरीत असलेल्या न्यूझीलंड आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी जंप-ऑफ निवडला आणि न्यूझीलंडचा खेळाडू दांडी खाली आणल्यावर २.३४ मीटर पार करून जिंकला. मग पराभूत अमेरिकी खेळाडूची समाजमाध्यमांवर थट्टा झाली ती सुवर्णपदक वाटून न घेतल्याबद्दल! एकमेकांविषयीचा आदर त्या दोघांनी कमी दाखवला, असे मानायला काहीच आधार नाही.

ऑलिम्पिकच्या मैदानी स्पर्धांत सुवर्ण वाटून घेतले गेले ते ‘१९१२नंतर प्रथमच’, हे टोकियोच्या बातम्यांतले शब्दही जपूनच वाचायला हवेत. १९१२मध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची एकत्रित स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) जिंकणाऱ्या अमेरिकी खेळाडूची पदके, तो पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून, १९१३मध्ये काढून घेण्यात आली. १९८२मध्ये त्याला ‘संयुक्त’ विजेता ठरवले गेले. म्हणजे ती बरोबरी मैदानावर झालीच नव्हती. २०२२मध्ये त्याला पुन्हा एकमेव विजेता जाहीर केल्यामुळे १९१२चा तो दाखला आता निकालात निघाला आहे. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पोल व्हॉल्टचे सुवर्ण दोन अमेरिकी खेळाडूंना मिळाले होते, ते मात्र कायम आहे.

शब्दशः वाटून घेतलेली पदके आहेत ती १९३६च्या बर्लिनची. पोल व्हॉल्टची अंतिम फेरी रात्रीपर्यंत लांबली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी एकमेकांविरुद्ध आणखी उड्या मारायला दोघा जपानी खेळाडूंनी नकार दिला. ४.२५ मीटर कमी प्रयत्नांत पार करणाऱ्याला रौप्य आणि दुसऱ्याला कांस्य, असे त्यांच्या संघाने ठरवले. मायदेशी परतल्यावर दोघांनी ती पदके मधोमध उभी कापून घेतली आणि अर्धे रौप्य, अर्धे कांस्य असे एकेक जोडपदक कारागिराकडून करवून घेतले.