हसू कुणाचं, कुणावर : सोलापूरच्या विनोदी लघुपटांची पार्श्वभूमी

सोलापुरात विनोदी लघुपट पाहताना एक गोष्ट मला सतत खटकते. पडद्यावर कुणी ‘काय करलालास बे’ म्हणालं की लोक खुलतात, कारण आपली बोली कानावर पडलेली असते. शहराच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई बोलू लागली की मात्र हसू येतं ते तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीला. ती काय म्हणाली ते कुणी ऐकतच नाही. लघुपटात कोणकोणत्या समाजाची, भाषेची माणसं दिसतात हे मोजण्याआधी हा फरक ओळखायला हवा, आणि तो आजकालचा नाही.

इथे पहिली कापडगिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ साली उभी राहिली. कन्नड इथे आधीपासून होतीच. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि तेलुगू शहराच्या पूर्व भागाची घरची भाषा झाली. मोहल्ल्यांत उर्दू होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं नुसती वाचली तरी हे शहर कळतं : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.

आपल्या विनोदाची परंपरा मात्र सरळ नाही. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुषच रंगवत आला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही साळुंके नावाच्या पुरुषानेच केली; फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले आल्या, तेव्हा कुठे पडद्यावर बाई दिसली. पण त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी एकनाथांच्या भारुडांत महार, जोशी, आंधळा, बहिरा स्वतः ‘मी’ म्हणून बोलत होते. लोक हसायचे, आणि शहाणपणाची गोष्ट त्याच पात्राच्या तोंडून ऐकायचे. मला वाटतं, विनोदी लघुपट कुणाला कसं दाखवतो हे पाहायची आपली कसोटी इथूनच घ्यावी.

बाहेरच्या कसोट्याही आहेत. अमेरिकेच्या ॲलिसन बेकडेल यांनी १९८५ मध्ये एका व्यंगचित्रमालिकेत साधा प्रश्न मांडला : चित्रपटात दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? ऑस्करने २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सर्वसमावेशकतेचे निकष जाहीर केले. दहा मिनिटांच्या, तीन पात्रांच्या लघुपटाला हे हिशेब तोकडे पडतात. तिथे डोकी मोजून काय हाती लागणार? टाळी घेणारं वाक्य कुणाच्या वाट्याला आलं, ते पाहायचं.

हे आपल्या जिल्ह्यात जमलेलं आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली, तोवर ती बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर मोलकरणीच्या वाट्याला यायची. शहरातल्या तेलुगू, कन्नड, दखनी उर्दू बोलणाऱ्या घरांना ती जागा अजून मिळायची आहे.

विड्या जमा करायच्या रांगेतला एक प्रसंग मी पाहिलाय. मजुरी हजार विड्यांवर. तपासणाऱ्याने एका आजीच्या सुपातल्या मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या. आजी तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या आणि अख्खी रांग हसली, तपासणाराही. शेजारच्या बाईने मला अर्थ सांगितला : ‘बाजूला काढलेल्याही तूच ओढणार, मग मजुरी कापतोस कशाला?’ इतकं नेमकं वाक्य, इतक्या वेळेवर आलेलं, मी पाहिलेल्या एकाही लघुपटात अशा आजीच्या तोंडी नव्हतं.